घामखोलीचं लाकूड

सागवान मी मागितलं होतं. पत्रक मी लिहिलं, बायकांना वखारीपुढे मी बसवलं, आणि चटका बसला माझ्या आईला. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी वखारवाल्यांना किंवा क्लबवाल्यांना शिव्या घालायला लागले तर वाचणाऱ्याने मला कान धरून इथे परत आणावं.

आई एकवीस वर्षं रंगखान्यात होती. सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते, माग चालवणारा माणूसही ठाऊक असतो. पण चादरीतला लाल रंग कुणी लाल केला, हे कुणी विचारत नाही. उकळत्या रंगाच्या हौदात सुताच्या लडी काठीवर टांगून सोडायच्या, फिरवायच्या, उचलायच्या आणि गार पाण्याच्या हौदात टाकायच्या. तोंडावर वाफ, पावलं दिवसभर पाण्यात. आईचे गुडघे आधी सुजले, मग आखडले. एक दिवस ती भाकरी करायला चुलीपुढे बसली ती उठेचना. मी एका बाजूने आणि शेजारच्या अक्कांनी दुसऱ्या बाजूने धरून तिला उभी केली. तवा तसाच तापत राहिला. त्या दिवसापासून आई जमिनीवर बसली नाही.

ज्यांच्या घरी खुर्च्या आहेत त्यांना वाटेल, एवढं काय त्यात. आमच्या घरी एकही खुर्ची नव्हती. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, धान्य निवडणं, भांडी घासणं, चार बायकांत बसून बोलणं, सगळं जमिनीवर. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. आई बाजेवर बसून जेवायची आणि मी खाली. "लेकीच्या डोक्यावर बसून जेवतीया मी," म्हणायची. हळदीकुंकवाला जाणं तिने सोडलं, कारण तिथे तिच्यासाठी शेजारून स्टूल मागवावं लागे आणि सगळ्याजणी त्या स्टुलाकडे बघत. रंगखान्याच्या मालकाने 'बरी झालीस की ये' असं सांगितलं होतं. हे वाक्य मी पुष्कळ बायकांच्या तोंडून ऐकलंय. ते ऐकून परत कामावर गेलेली एकही मला माहीत नाही.

"मला काय डोंगर चडायचा न्हाय," आई म्हणायची. "खाली बसायचंय. आन् उटायचंय. कुनाचा हात न धरता." तिची मागणी एवढीच होती. माझ्या कुठल्याही पत्रकातल्या मागणीपेक्षा ती स्वच्छ होती.

आमच्या पेठेत एक धर्मार्थ दवाखाना होता. तिथल्या वैद्यबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी आईचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "गोळ्यांनी दुखणं झोपतं. गुडघा झोपलेलाच राहतो. हिला घाम काढायला हवा. सबंध अंगाला शेक, निरगुडीच्या पाल्याचा, दीड महिना, एकही दिवस न चुकता."

शेक द्यायला त्यांनी आधी एक पत्र्याची पेटी करून घेतली होती. बाईने आत बसायचं, डोकं बाहेर. पहिल्याच आठवड्यात अक्कांचा कोपर पत्र्याला लागून भाजला. अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या तेलुगू विणकर घरातल्या. घरी मागासाठी कांड्या भरायच्या आणि सबंध बोळाची टिंगल करायच्या. त्या कोपर धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे औषध म्हणायचं का शिक्षा? आम्ही काय चोरी केली व्हती का?" त्यानंतर पेटीत कुणी बसेना. मग दवाखान्यामागची खोली रिकामी करून आतून शहाबादी फरशी लावून पाहिली. वाफ झाली की त्या गार फरशीवरून पाणी ठिबकायचं आणि बायका कुडकुडत बाहेर यायच्या.

"आतून सगळं लाकूडच हवं," वैद्यबाई म्हणाल्या. "एका कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर काळे दगड, दगडांवर काढ्याचं पाणी. चारी बाजूंनी लाकूड आणि बसायला लाकडी बाकं. लाकडाला अंग लागलं तर भाजत नाही. पण कोणतं लाकूड, हे मला विचारू नका. मला मुळ्या कळतात, फळ्या कळत नाहीत."

मला मात्र कळत होतं. त्या वर्षी मला सगळंच कळायचं.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी बावीस वर्षांची, बोटांना कायम पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइलची शाई. लिहायला मी पत्रकांतून शिकले: पहिल्या ओळीत सवाल, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, तिसऱ्या ओळीत मागणी, आणि चौथी ओळ असलीच तर सभेची वेळ. तोंडाला लावलेलं कुलूप निघालं तेव्हा आमच्या कामगार संघटनेत सगळ्यांनाच एवढं बोलायचं होतं की ऐकायला कुणी उरलं नाही. मी त्यात पुढे.

साहेब लोकांच्या क्लबात तसली खोली आहे हे मला माहीत होतं. ते तिला 'सौना' म्हणत. तिथल्या वाढप्यांना पत्रकं वाटायला मी एकदा मागच्या दाराने गेले होते. बोळाच्या टोकाला ते दार दिसलं. तपकिरी, चकचकीत, पितळी मूठ, मधोमध रेषा उठून दिसणारं अस्सल सागवान. दार बंद होतं. मी तेवढं बघितलं आणि घरी येऊन लिहिलं:

'क्लबात घाम गाळणाऱ्यांना सागवान! रंगखान्यात घाम गाळणाऱ्यांना पत्रा! हा न्याय कुणाचा?'

वाक्य चांगलं होतं. आजही मला आवडतं. खोटं होतं, एवढंच.

आमच्या भागातल्या वखारवाल्यांकडे मी लाकूड मागायला गेले. त्यांनी न कुरकुरता देवदारी खोकी दाखवली. यंत्रमागांचे सुटे भाग ज्यात भरून येतात ती खोकी. तोडून त्यांच्या फळ्या करा, फुकट न्या म्हणाले. मी वखारीतल्या हमालांसमोर उभी राहून त्यांना सांगितलं, "खोक्याचं लाकूड सामानाला. माणसाला नाही." आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पत्रक काढलं. त्यात वखारवाल्यांचं वर्णन असं केलं की नाव न घेताही सबंध पेठेने त्यांना ओळखलं. बारा बायकांना घेऊन वखारीच्या फाटकापुढे बसले. आईला बसता येत नव्हतं, म्हणून ती फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. तीन दिवस. ती उभी असलेली पाहून लोक जास्त थांबायचे, हे माझ्या ध्यानात आलं होतं आणि मी तिला घरी जा म्हणाले नाही. हेही लिहायला हवं.

चौथ्या दिवशी वखारवाल्यांनी सागवानाच्या फळ्या हातगाडीवर घातल्या. दारं-खिडक्यांसाठी आणलेलं ताजं, कोवळं सागवान. म्हणाले, "न्या. पण ताई, एक इचारू? तुमाला लाकूड बसायला पायजे का मिरवायला?"

"उत्तर पत्रकात मिळेल," मी म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

काम करायला आले ते मिस्त्री अक्कलकोटकडचे. घरी कानडी, कामावर मराठी, सायकलच्या दांडीला करवत बांधलेली. त्यांनी एक फळी उचलली, हुंगली, थुंकीने अंगठा ओला करून तिच्यावर घासला आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

"बाई, हे दाराचं लाकूड. बुडाखाली चालायचं न्हाई."

"क्लबात चालतं," मी म्हणाले.

"क्लबात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते. मग अंगठा धोतराला पुसून म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. मी आपला रंधा मारतो." मी त्याला होकार समजले.

खोली झाली तेव्हा ती दिसायला अशी झाली की बघायला आलेल्या बायका चपला बाहेर काढून आत डोकावल्या. शेगडी पेटवली, दगड तापले, वैद्यबाईंनी निरगुडीचा काढा ओतला आणि चर्र झालं. पहिली आत जाणार आई. जुनं पांढरं पातळ नेसून, भिंतीला धरत ती गेली. मी बाहेर उभी राहून पुढच्या पत्रकाचा मथळा जुळवत होते.

दहाएक मिनिटांत आई बाहेर आली. तोंड लाल, केस ओले. आणि पातळाला मागच्या बाजूने, पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत, तपकिरी पट्टे. बाकाच्या प्रत्येक फळीचा एक पट्टा.

अक्का सगळ्यात आधी हसल्या. "अगं बया! नवीन छापा काढला की हो! मालकाला दाखवा, गिऱ्हाईक लई मिळंल!" सगळ्या हसल्या. आईही हसली. वैद्यबाईंनी विचारलं, "कसं वाटलं?" आई म्हणाली, "ब्येस वाटलं."

घरी आल्यावर ती बाजेवर पालथी पडली. डोकं धरलं होतं. म्हणाली त्या वासानं मळमळतंय. मी पातळ वर केलं तर मांड्यांवर लाल पट्टे होते आणि पट्ट्यांच्या मधे गोल गोल डाग, स्क्रूच्या डोक्याएवढे. मी खोबरेल लावत बसले.

"सगळ्यांसमोर बेस का म्हणालीस?"

"मग काय म्हनू? लेकीचं सागवान पोळतंय म्हनू? तीन दिस उबी ऱ्हायली मी त्याच्यासाटी."

आई उशीत तोंड घालून पुढे बोलत राहिली, मला ऐकू जावं अशा बेताने. "सागाच्या काठीला आमी रंगखान्यात हात लावत न्हाय. एकदा नव्या मुकादमानं आनल्या व्हत्या, भारी म्हनून. पांढऱ्या सुताचा सगळा लॉट चहाच्या रंगाचा झाला. उकळत्या पान्यात साग रंग सोडतो. हे तितल्या झाडूवालीला बी म्हाईत हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कवा थांबलीस बोलायची?"

मी तिच्यासाठी दोन पत्रकं लिहिली होती. कामगार बाईचा आवाज, असं त्यांतल्या एकाच्या डोक्यावर छापलं होतं. त्या आवाजाला मी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, उकळत्या पाण्यात लाकूड घालायचा तुझा एकवीस वर्षांचा धंदा, तुझं काय मत? मालकांनी तिला विचारलं नाही याचा मला संताप यायचा. मीही विचारलं नाही याचा जो आला तो वेगळाच होता. तो काढायला पेठेत कुणी सापडेना.

रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही. खोबरेलाची वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग कोणती काठी धरायच्या तुम्ही?"

"शिवनीची. जुन्या सगळ्या शिवनीच्या. हलकी. रंग देत न्हाय, रंग घेत बी न्हाय फारसा. उकळत्या हौदातनं काडली तरी दुसऱ्या टोकाला हात ठिवता येतो. आन् कुसळ सुटत न्हाय, न्हाईतर लड अडकती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेले. ते दारात दाढी करत होते.

"क्लबातल्या खोलीत आतून कोणतं लाकूड आहे?" मी विचारलं.

"आत? पांढरं. हलकं. खोबऱ्यागत. भाईरच्या देशातनं आलेलं, त्याला वास न्हाई का काई न्हाई." त्यांनी वस्तरा थांबवला. "दार तेवढं सागवानी. ते मीच बसवलंय की."

"आणि हे तुम्ही मला आता सांगताय?"

"सांगत व्हतो की त्या दिवशी! तुमी म्हनलात क्लबात चालतं. मला वाटलं, ही बाई आत जाऊन आलेली दिसतीया."

मी एका दारासाठी भांडले होते. बंद दारासाठी.

आईने मात्र शिवणीवरही आंधळा विश्वास ठेवायला नकार दिला. "काटी येगळी, बाक येगळा. काटीवर कुनी बसतं का? पारखून घेऊ," म्हणाली. त्या रविवारी दवाखान्याच्या मागच्या अंगणात तीन विटांवर मोठा हंडा चढवला. मिस्त्रींनी त्यांच्या घरातले उरलेसुरले तुकडे आणले: साग, बाभूळ, आंबा, कडुनिंब, खोक्याचं देवदार. शिवणीचा तुकडा म्हणून आईने रंगखान्यातल्या मैत्रिणीकडून एक मोडकी काठी मागवली. प्रत्येक तुकड्याला पांढऱ्या सुताची एक लड गुंडाळून घट्ट बांधली. रंगखान्यातल्या सहा-सात बायका जमल्या. त्या पारखायलाच आल्या होत्या, आणि त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की ही त्यांची रोजची रीत आहे. नवी काठी आली की आधी पांढऱ्या लडीबरोबर उकळून बघायची, मगच हौदात घालायची. एवढी साधी रीत. मी त्या बायकांच्या सभा घेत होते आणि मला ती माहीत नव्हती.

आई स्टुलावर बसून चिमट्याने एकेक तुकडा काढायला सांगायची. सागाची लड चहाच्या रंगाची निघाली. बाभळीची तर त्याहून वाईट. मिस्त्रींनी त्या तुकड्यात खिळा ठोकला होता, तिथे लड काळी पडली. देवदाराची लड सुटेचना, डिंकाने चिकटली होती. अक्का ती ओढत म्हणाल्या, "ह्याच्यावर बसलं तर नवऱ्याला हाक मारावी लागंल सोडवायला." कडुनिंबाची लड बरी होती, पण हंड्याजवळ उभं राहवेना असा कडवट वास. आंब्याची स्वच्छ निघाली तेव्हा मला हायसं वाटलं, कारण आंबा कुठेही मिळतो. आईने तुकडा उन्हात ठेवायला लावला. तासाभरात तो पापडासारखा वाकला.

शिवणीची लड पांढरीच निघाली. बायकांनी ती हातोहात फिरवली. एकीने ती न उकळलेल्या लडीशेजारी धरली, उन्हाकडे केली, दुसरीने हुंगली. मग आईने हंड्यातून नुकताच काढलेला, पाणी झटकलेला शिवणीचा तुकडा मागितला आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे शीर दिसते तिथे, टेकवला. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने तो तसाच ठेवून वीस आकडे मोजले.

"ह्यो," म्हणाली. आणि मिस्त्रींना म्हणाली, "खिळा न्हाय. स्क्रू न्हाय. लोखंड आंगाला लागता कामा न्हाय."

"लाकडाच्या खुंट्या मारतो की," मिस्त्री म्हणाले. "पन आई, शिवन आननार कुटनं?"

वैद्यबाई इतका वेळ पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, "शिवण दशमुळांतली आहे. वातावर तिचं मूळ मी रोज देते." आणि चष्मा पुसत आत गेल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

शिवण सबंध पेठेत एकाच ठिकाणी होती. ज्यांची अब्रू मी काढली त्या वखारवाल्यांकडे. पाळणे करणाऱ्यांसाठी त्यांनी कर्नाटकातल्या जंगलांतून आणलेली, आणि पाळणे आता लोखंडी नळ्यांचे निघाले म्हणून मागच्या शेडमध्ये पडून राहिलेली.

मी गेले तेव्हा त्यांनी बसा म्हटलं नाही. "सागवान परत आनलंय? भोकं पाडलेलं?"

"हो. आणि शिवण हवी आहे."

"देतो की." त्यांनी मेजाच्या खणातून माझं पत्रक काढलं. घडी घालून जपून ठेवलं होतं. "माझ्या पोरीच्या सासरी कुनीतरी हे वाचून दाखवलं. मी खोकी देत व्हतो, ते लाकूड बरोबर न्हवतं आसंल. पन मी गरिबाला तुच्छ मानतो आसं हितं छापलंय. तुमी माजी अब्रू पत्रकात काडली, पत्रकातच भरून द्या. मग शेड उगडतो."

संघटनेत मी हे सांगितलं तेव्हा आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते खुर्चीत ताठ झाले. "छापलेली मागणी मागे घ्यायची नसते. लोक म्हणतील, ह्यांना स्वतःलाच कळत नाही काय हवंय."

"कळत नव्हतंच," मी म्हणाले.

"हा तुझ्या आईचा प्रश्न आहे. चळवळीचा नाही."

"मग चळवळ कुणाच्या आईची आहे?" मी विचारलं, आणि त्यांनी सायक्लोस्टाइलची चावी द्यायची नाही असं ठरवलं. मी हाताने लिहिलं. चाळीस कागद, कार्बन घालून, दोन दिवस. त्यातलं सगळं इथे देत नाही, एवढं देते:

'सागवानाची मागणी चूक होती. ती मी न बघता केली. वखारवाल्यांनी खोकी दिली ती तुच्छतेने दिली, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. देवदार तापल्यावर डिंक सोडतं म्हणून ते नको. साग रंग सोडतो म्हणून तोही नको. आम्हाला शिवण हवी. ही पारख रंगखान्यातल्या बायकांनी केली आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी दवाखान्यात येऊन लडी पाहाव्यात.'

खाली मी सही केली. पत्रकाखाली एकटीची सही करण्याची ती माझी पहिली वेळ. वखारवाल्यांनी कागद मोठ्याने वाचला, एकदा स्वतःला आणि एकदा हमालांना. 'ते खोटं आहे' या शब्दांवर थांबून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मग त्यांनी किल्ली काढली.

फळ्या पाळण्याच्या मापाच्या, म्हणजे आखूड. मिस्त्री वैतागले, सागवानात चार फळ्यांत झालं असतं तिथे दहा सांधे करावे लागणार होते. बाकं एकेकीपुरती झाली. बायकांना तेच बरं वाटलं. आई स्टूल घेऊन रोज हजर. प्रत्येक फळीवरून ती तळहात उलटा फिरवायची, बोटांच्या मागच्या बाजूने, कारण तळहात निबर झालेला असतो आणि त्याला कुसळ कळत नाही.

"हितं कुसळ हाय, मिस्त्री."

"आई, तुमीच रंधा घ्या. मी बसतो स्टुलावर."

"बसा की. माजं स्टूल गेलं तर देवाला नारळ फोडीन मी."

शेवटी मिस्त्रींना रोगण लावून चकाकी आणायची होती, कारागिराचा जीव. आईने डबा बंद करायला लावला. "आंगाला लागंल त्ये. लाकूड उगडं ऱ्हाऊ द्या."

त्या खोलीला बायका घामखोली म्हणायला लागल्या. आतून ती पिवळट पांढरी, अजिबात न शोभणारी. आई दुसऱ्या दिवसापासून रोज जायला लागली. पहिले पंधरा दिवस काहीही फरक पडला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात आपण असलं लिहीत नाही. अक्कांचं मान दुखणं थांबलं, आणखी दोघींचे खांदे मोकळे झाले, आणि आईचा गुडघा होता तिथेच. आठवडाभर मला झोपेत सांधे, खुंट्या, फळ्या दिसत. आई मला म्हणाली, "तू तोंड पाडून फिरू नकोस. वैद्यबाईंनी दीड म्हैना सांगितलाय. दीड म्हैना म्हंजे दीड म्हैना." एकदा उन्हाळी वावटळ उठून रस्त्यात धूळच धूळ झाली, तरी पदर तोंडाला लावून गेली. एकदा ताप होता. वैद्यबाईंनी आत सोडलं नाही तर दारापाशी स्टूल टाकून बसली, आपला दिवस बुडाला म्हणून त्यांच्याशी भांडत.

चौथ्या आठवड्यात उजवा गुडघा वळायला लागला. डावा अर्धाच वळे. वैद्यबाई म्हणाल्या, डावा पुरा कधीच वळणार नाही. आईने ऐकून घेतलं आणि ती शेकाला आत गेली.

दीड महिना पुरा व्हायला दोन दिवस होते. सकाळी मी आणि मिस्त्री घामखोलीत होतो. खालच्या बाकाची एक फळी ओल खाऊन फुगली होती आणि शेजारचीला रेटत होती. मिस्त्रींचं म्हणणं, फळी बदलू. आई माझ्या मागून आत आली, म्हणाली, "बगू द्या मला आदी," आणि बाकाखाली बघायला खाली बसली. उजवा पाय मुडपून, डावा थोडा पुढे टाकून, एक हात जमिनीला टेकून. मिस्त्रींनी हातातली पटाशी खाली ठेवली. तिचं लक्ष फळीत होतं. तिने खालून बोट फिरवलं, सांध्यात नख घातलं.

"फळी चांगली हाय. खुंटी लई घट बसवलीया, तिला फुगायला जागाच न्हाय. ल्हान करा खुंटी." मग बाकाच्या कडेला तळवा लावून, एकदा थांबून, दात आवळून ती उठली. मी पुढे केलेला हात तिने बाजूला सारला.

"बगतीस काय? मिस्त्रींना पटाशी दे की."